राखीव आई

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला मनापासून नमस्कार. वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देत असेल असं धरून चालते. तुझी अक्कलदाढ अजून तोंडातच असेल असंही धरून चालते, कारण मागच्या वेळी दातांच्या डॉक्टरांनी नुसतं ‘आ करा’ म्हटल्याबरोबर तुला ऑफिसातलं तातडीचं काम कसं आठवलं, हे वहिनीने मला साग्रसंगीत सांगितलं आहे. आम्ही चौघं इथे सुखरूप आहोत. तू ठरवून दिलेल्या खोल्या चांगल्या आहेत. गाद्या घट्ट आहेत, नळाला दाब पुरेसा आहे (हो, आल्या आल्या मी तेच पाहिलं, हसायचं असेल तर हसून घे), बाल्कनीतून तळं दिसतं. तिकिटांबद्दल काहीही तक्रार नाही. हे वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढचा मजकूर वाचताना तुझा तसा समज होऊ शकतो.

फोन करता आला असता. पण फोनवर तू ऐकून घेण्याआधी हसायला लागतोस आणि इथल्या भिंती पातळ आहेत. सासूबाई आणि चिरंजीव आतल्या खोलीत दुपारचे झोपले आहेत. नवरा (तुझे लाडके मेहुणे) खाली पोहण्याच्या तलावाशी पेपर घेऊन बसला आहे. म्हणून बाल्कनीत लॅपटॉप मांडून हे पत्र.

तिकिटं काढायला मी तुझ्या ऑफिसात आले होते, तो दिवस तू विसरला नसशील. तू पडद्यावर विमानातल्या सीटचा नकाशा उघडून आम्हा तिघांना एका रांगेत आणि सासूबाईंना पलीकडे बसवलं होतंस. मी ते मोडायला लावलं. नवरा, चिरंजीव आणि सासूबाई मागे एका रांगेत, आणि मी त्यांच्या बरीच पुढे, परक्या माणसाच्या शेजारी. तू चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिलास. मग मी तुला समजावून सांगितलं की पाणीपुरवठ्याच्या कुठल्याही पंपघरात दोन पंप असतात, एक चालू आणि एक राखीव. दोन्ही एकदम चालवले तर दोन्ही एकदम झिजतात, आणि वेळ आली की पाणी चढवायला कुणी उरत नाही. मुलाचंही तसंच. नवरा चालू, मी राखीव. तो थकला की मी ताजीतवानी पुढे येणार. त्यावर तू म्हणालास, ‘अगं, मूल आहे ते, टाकी नव्हे.’ मी जे उत्तर दिलं ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुझ्या ते लक्षात असणार, आणि माझ्या लक्षातून ते जायला हवं आहे.

तुला जे माहीत नाही ते तालमींबद्दल. निघण्याआधीच्या आठवड्यात मी घरात विमान केलं होतं. जेवणाच्या खुर्च्या दोन-दोन करून रांगेत लावल्या, पट्टा म्हणून नवऱ्याचा कमरेचा पट्टा घेतला, आणि प्रत्येकाला काम वाटून दिलं. नवरा वैमानिक. सासूबाई हवाईसुंदरी (हे काम त्यांनी मागून घेतलं, ट्रे हातात आला की त्यांची चालच बदलायची). चिरंजीव प्रवासी. आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई. अडीच वर्षांचं मूल घरच्यांशी कसं वागतं ते सगळ्यांना माहीत असतं, परक्यांशी कसं वागतं ते तपासायला हवं, असा माझा विचार. त्याने माझे केस ओढायचे नाहीत, मांडीवर चढायचं नाही, फक्त ‘नमस्कार काकू’ म्हणायचं. मी त्याला ओळख द्यायची नाही. सुरुवातीला तो ‘आई, आई’ करत गळ्यात पडायचा. मी चेहरा कोरा ठेवून ‘कोण आई?’ असं विचारायची. (इथे जरा थांबले होते. आता पुढे लिहिते.) हळूहळू तो तयार झाला. खेळ संपला की वैमानिक ‘उतरलो’ असं जाहीर करायचा, मी चिरंजीवांना उचलून घ्यायची आणि पुन्हा आई व्हायची. शेवटच्या तालमीत तर त्यांनी इतक्या सराईतपणे ‘नमस्कार काकू’ म्हटलं, की हवाईसुंदरींनी ट्रे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला. चाचणीत जे नसतं तेच नेमकं कामाच्या जागी समोर येतं, हे ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवायचा मला पगार मिळतो. घरी तो मिळत नाही, म्हणून कदाचित लक्षात आलं नसेल.

प्रत्यक्ष विमानात पहिली अडचण पट्ट्याची आली. चिरंजीवांना सीटचा पट्टा मान्य नव्हता. विमानाचा पट्टा म्हणजे बाबांचा पट्टा, असं ते आमच्याकडूनच शिकले होते. शेवटी नवऱ्याने स्वतःचा पट्टा सोडून खऱ्या पट्ट्यावरून त्यांच्या पोटाला गुंडाळला, तेव्हा ते बसले. (नवरा गेल्या काही महिन्यांत बारीक झाला आहे हे तुला सांगितलं होतं ना? हे पुढे लागणार आहे.) दुसरी अडचण हवाईसुंदरीची. खरी हवाईसुंदरी आली तेव्हा चिरंजीवांनी तिला नीट न्याहाळलं आणि ही आजी नाही असं सगळ्या विमानाला ओरडून कळवलं. आजी शेजारीच होत्या, पण त्या विमान हलण्याआधी झोपल्या होत्या आणि त्यांचं तोंड उघडं होतं, त्यामुळे बदली म्हणून त्यांना उभं करता आलं नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती पूर्णपणे माझी. घरच्या विमानात कंटाळा आला की चिरंजीव खुर्चीवरून उतरून स्वयंपाकघरात जायचे आणि बिस्किट घेऊन परत यायचे. मी ते कधी अडवलं नव्हतं. आता विमान वर चढत असताना त्यांना स्वयंपाकघरात जायचं होतं. विमानाला आपलं स्वयंपाकघर नसतं, हे त्यांना ढगांच्या वर गेल्यावर प्रथमच कळत होतं. ते ज्या आवाजात रडले तो आवाज मी शब्दांत मांडत नाही. पुढच्या रांगांतली माणसं एकेक करून मागे वळून बघायला लागली. मीही वळून बघितलं. सगळ्यांनी बघितलं तसंच, भुवया जरा वर करून.

आता माझ्या शेजारच्या बाईंबद्दल. साधारण माझ्या वयाच्या, कडक इस्त्रीचा सदरा, समोरच्या फळीवर एक नकाशा पसरलेला. मी चोरून बघितलं तर तो पंपघराचा होता. खोटं वाटेल, पण होता. मी न राहवून म्हटलं की तुमच्या पाणी खेचणाऱ्या पाइपला वळणं जास्त आहेत. त्यांनी वर बघितलं, पुन्हा नकाशा बघितला, आणि मग आमचं जे बोलणं सुरू झालं, दादा, तसं बोलणं माझ्या वाट्याला किती दिवसांत आलं नव्हतं. गेल्या अडीच वर्षांत मला भेटणारा प्रत्येक माणूस आधी मुलाचं विचारतो. झोपतो का, खातो का, बोलायला लागला का. मी नंतर येते, आणि बहुतेकदा येतच नाही. या बाईंनी मला झडपांबद्दल विचारलं. माझं मत विचारलं, ते पेन्सिलीने कडेला लिहून घेतलं. मग त्यांनी सहज विचारलं, एकट्याच निघालात का. मी ‘हो’ म्हटलं. मी त्या रांगेत एकटीच होते, तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता सांगू शकत नाही.

तेवढ्यात मागचा आवाज वाढला. बाई म्हणाल्या, लोक मुलांना काही न शिकवता कसे घेऊन येतात कोण जाणे. आता इथे मला गप्प बसता आलं असतं. खिडकीबाहेर बघता आलं असतं. पण तुझ्या बहिणीला शिकवायची सवय. मी म्हटलं, खरं आहे, आधी घरी तालीम घ्यायला हवी. एवढ्यावर न थांबता मी त्या मुलाच्या बापाच्या पद्धतीतले दोष सांगितले. तो मुलाला उभा धरतो आहे, आडवा धरायला हवा. तो गाणं म्हणतो आहे, ते चुकीच्या सुरात आहे. बाई हसल्या. मी आणखी दोन दोष सांगितले. आपल्या बोलण्यावर कुणी हसलं की माणूस कुठवर जातो, हे मला माहीत नव्हतं.

मग आवाज बंद झाला. मला वाटलं, चालू पंपाने काम केलं. प्रत्यक्षात चिरंजीव सुटले होते. सीटच्या दोन रांगांमधून ते चालत, धरत, लोकांच्या गुडघ्यांना हात लावत पुढे आले आणि माझ्या सीटपाशी येऊन थांबले. गाल ओले, नाक वाहतं, एका पायात बूट. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. बाईंनी मला विचारलं, ‘ओळखतं वाटतं तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘नाही.’

चिरंजीव माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. माझा चेहरा कोरा होता. तो मला करायला लागला नाही, आपोआप झाला, सराव होता. त्यांचे हात हळूहळू खाली आले. आणि ते अगदी शहाण्यासारखं म्हणाले, ‘नमस्कार काकू.’

मागून नवरा आला. एका हातात बूट, दुसऱ्या हाताने पँट धरलेली (पट्टा सीटवरच होता). केस उभे, सदऱ्यावर काहीतरी सांडलेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, ‘माफ करा हं’ असं आम्हा दोघींना मिळून म्हणाला, पँट सोडायची की बूट सोडायचा याचा क्षणभर विचार केला, बूट दातांत धरला, चिरंजीवांना काखोटीला मारलं आणि गेला. बाई म्हणाल्या, बिचारा. मी झडपांचा विषय पुन्हा काढला.

इथेच संपतं तर मी तुला हे लिहिलंही नसतं. पण विमान उतरल्यावरही मी उठले नाही. बाईंच्या आधी उठून मागे गेले असते तर कळलं असतं, म्हणून त्या बाहेर पडेपर्यंत मी पिशवीत काहीतरी शोधत बसले. म्हणजे वैमानिकाने ‘उतरलो’ म्हटलं असेल तेव्हा चिरंजीवांना उचलून घ्यायला कुणी नव्हतं. सामानाच्या पट्ट्यापाशी मी त्यांना गाठलं आणि हात पुढे केले. ते बाबांच्या मानेत तोंड खुपसून म्हणाले, नको काकू. एवढ्यात झोप पूर्ण झालेल्या सासूबाईंनी पट्ट्याच्या पलीकडून खणखणीत आवाजात सांगितलं, ‘अगं सूनबाई, तुझ्या लेकाची चड्डी ओली झालीय, बॅग आली की आधी ती बदल.’ सामानाची वाट बघणारे सगळे माझ्याकडे वळले. त्यांत इस्त्रीचा सदराही होता. बाईंनी मला बघितलं, काखेतला चिरंजीव बघितला, पँट धरलेला नवरा बघितला. मग त्यांची बॅग आली. ती उचलून माझ्या शेजारून जाताना त्या हळूच म्हणाल्या, ‘तालीम जरा कमीच पडली, नाही का?’ मी हो म्हटलं. त्या दिवसातलं ते माझं पहिलं खरं उत्तर.

टॅक्सीत बसल्यावर नवरा एवढंच म्हणाला, की तालीम कामी आली, पोरगं खेळ विसरलं नाही. मी लगेच ते धरलं. म्हणजे त्याला वाटलं की मी विमानात आमचा खेळ खेळत होते. मी मान हलवली. गेले काही दिवस मी याच मान हलवण्यावर जगते आहे.

कारण चिरंजीव अजून मला काकू म्हणतात, दादा. अतिशय आदराने. ‘काकू, पाणी द्या.’ ‘काकू, तुम्ही इथे बसा.’ केस ओढत नाहीत, मांडीवर चढत नाहीत. मी शिकवलं ते सगळं न चुकता पाळतात. सासूबाईंना याची भारी गंमत वाटते. त्या त्याला मुद्दाम विचारतात, ही कोण रे, आणि उत्तर आलं की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात. मी एकदा जरा तुटक बोलले तर म्हणाल्या, ‘अगं, पोराचा खेळ तो. त्यात एवढं मनाला लावून घ्यायला तू खरंच का काकू आहेस?’ मी सगळं करून बघितलं. खेळ संपला असं सांगितलं. नवऱ्याला ‘उतरलो’ म्हणायला लावलं. चिरंजीवांनी खोलीभर बघितलं आणि विमान कुठे आहे असं विचारलं. मीच आई, असं समजावलं. ते म्हणाले, ‘नाही काकू,’ आणि माझा हात थोपटला. राखीव पंप नुसता ठेवून द्यायचा नसतो, मधूनमधून चालवायचा असतो, नाहीतर ऐन वेळी तो जाम होतो, हे मी आजवर कितीतरी जणांना सुनावलं आहे.

आज सकाळी नाश्त्याला चिरंजीव माझ्या शेजारी बसले होते. वाढणाऱ्या बाईंनी त्यांना लाडाने विचारलं, बाळाची आई नाही आली का? मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी तेच बोलले.

‘आई विमानात आहे.’

रडले नाहीत. पाव खात होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी सरबताच्या पेल्याकडे. चिरंजीवांच्या लेखी हे सरळ आहे. आई विमानात राहिली, आपण उतरलो, परत जाताना विमान येईल आणि आई तिथे असेल. त्यांना तिची काळजी वाटत नाही, तिची खात्री वाटते. ती कशाच्या जोरावर वाटते, मला कळत नाही. मी घास तसाच ठेवून उठले आणि स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ हात धुतले. (तिथेही दाब चांगला आहे.)

असो. बाकी सगळं ठीक. हवा छान आहे, तळ्यात बदकं आहेत, सासूबाईंचं पोट उत्तम. वहिनीला गुडघ्यावर शेक घ्यायला सांग. दाढेचं मनावर घे, आणि या वेळी ऑफिसातलं काम आठवलंच तर वहिनीला तिथे पाठव, तू खुर्चीतच बस.

तुझी धाकटी बहीण,
(इथे कागदोपत्री कुणाचीतरी आई)

ता. क. मूळ काम राहिलंच. परतीच्या तिकिटांत माझी सीट पुन्हा पुढेच आहे, मी सांगितलं होतं तशीच. ती बदलून चिरंजीवांच्या शेजारी मिळेल का? ते विमानात शिरतील तेव्हा आधी सीटवर बघणार आहेत, आणि तिथे कुणीतरी बसलेलं असायला हवं. त्यांना हात वर करता यायला हवेत. ते रडले, ओकले, स्वयंपाकघर मागितलं, तरी मला तिथेच बसायचं आहे, आणि कुणी विचारलं तर सांगायचं आहे. जास्तीचे पैसे पडले तर पडू देत. नवऱ्याला यातलं काही कळू देऊ नकोस. सीट बदलायची म्हटली की तो कारण विचारेल, आणि ते मला त्याला सांगता येणार नाही. तू आपला विमान कंपनीवर ढकल. पंपाबद्दल मात्र काही बोलू नकोस, एवढ्यात तरी.

ता. क. २. वरचं लिहून पाठवणार एवढ्यात नवरा वर आला. मी लॅपटॉप मिटला.  कठड्यावर टॉवेल वाळत घालता घालता तो म्हणाला, की परतीच्या सीट त्याने कालच तुला फोन करून बदलून घेतल्या आहेत. आम्ही तिघं एका रांगेत, सासूबाई पुढे. मी विचारलं, का? तो म्हणाला, ‘इंजिनाचा आवाज असला की तू पंपघरात असल्यासारखी बोलतेस. आमच्या रांगेपर्यंत सगळं येत होतं.’ सगळं म्हणजे, त्याचं गाणं चुकीच्या सुरात होतं तेही. मी विचारलं, दादाला कारण काय सांगितलंस? ‘त्याला कशाला सांगायचं?’ म्हणाला, आणि टॉवेलाला चिमटा लावून खाली निघून गेला.

म्हणजे आता हे पत्र पाठवायची गरज उरलेली नाही, आणि त्याने तुझ्यापासून झाकलेलं मीच तुला पानभर लिहून ठेवलं आहे. तरी पाठवते, कारण एक गोष्ट त्याला विचारायला माझी जीभ रेटली नाही. खिडकी चिरंजीवांची, हे ठरलेलंच आहे. त्यांच्या शेजारची मधली सीट कुणाच्या नावावर घेतली आहे, तेवढं बघून कळव. त्याच्या नावावर असली तर बदलू नकोस. मी त्याच्याकडून मागून घेईन.